तान्ह्या मेंदूतली लाट

एदमोंद वासालने यंत्रातून बाहेर आलेली कागदाची पट्टी टरकन फाडली, टेबलावर सांडलेली कॉफी तिने त्या पट्टीनेच टिपली आणि ती पट्टी लेआंद्रीच्या हातात ठेवली.

"घ्या साहेब, तुमचा शोध."

तूसां लेआंद्री ओशाळं हसला. तो कॉर्सिका बेटावरून मार्सेयच्या या प्रयोगशाळेत आल्यापासून एदमोंदला त्याचा तिटकारा होता. अंगाला अत्तर, आणि प्राध्यापकांचा विनोद संपायच्या आत हसू तयार. आज म्हणे त्याने पाहिलं होतं, की नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेंदूच्या कापावर गाबा सोडला की पेशी पेटून उठते. गाबा! मेंदूला गप्प करणारं रसायन. एका पेशीने ते सोडावं आणि शेजारणीने तोंड मिटावं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं.

"मी काही घातलं नाही तरी मधूनच लाट येते, मादाम. सगळ्या पेशी एकदम उठतात."

"मरतानाही हातपाय झाडतातच. मरतायत तुझे काप. आणि पेशीत टोचायच्या सुईत काय भरलं होतंस? क्लोराइड?"

"हो."

"ते पेशीत झिरपलं की गाबा उलटाच वागणार. तुमच्या बेटावर शिकवतात काय, बकऱ्या वळायला?"

"चुकलं असेल, मादाम."

त्याने मान खाली घातली. भांडलाही नाही मेला, म्हणून तिला आणखीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी हे खूळ कायमचं गाडायला ती स्वतः बसली. पिलाच्या मेंदूचे पातळ काप केले, खाऱ्या पाण्यात प्राणवायू सोडला, सुईत क्लोराइड नसलेला क्षार भरला. सुईला पेशी लागली. ध्वनिवर्धकातून तिची सावकाश टकटक ऐकू येऊ लागली. तिने गाबाचा थेंब सोडला आणि शांततेची वाट पाहत बसली.

ध्वनिवर्धक फुटाण्यांसारखा तडतडला.

तिने काप धुतला, पुन्हा थेंब सोडला. पुन्हा तेच. मग काहीच न करता हात मांडीवर ठेवून बसली, तर आपोआप एक लाट उसळली आणि ओसरली. गाबाला अडवणारं औषध तिने घातलं. मोठ्या उंदराचा मेंदू त्याने पिसाळून उठतो. इथे लाटाच थांबल्या. या तान्ह्यांना बोलतं करत होता तो गाबाच.

तिने एक घाणेरडी शिवी हासडली. कोणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारच्या बैठकीत ती उभी राहिली. "लेआंद्रीने पाहिलं. मी सुई बदलून पडताळलं. तो बरोबर आहे."

प्राध्यापक रूमियो संत्रं सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "एदमोंद, चष्मा बदल."

सगळे हसले. वर्षानुवर्षं याच खोलीत ती याच माणसांना हसवत आली होती. आपल्यावर हसताना त्यांचे दात कसे दिसतात, ते तिला आज कळलं.

"काय रे तूसां," रूमियोंनी विचारलं, "तूही मानतोस हे?"

पुढच्या महिन्यात लेआंद्रीच्या नोकरीचा करार संपत होता. त्याने एदमोंदकडे पाहिलं, मग संत्र्याकडे.

"नाही सर. काप मरत असणार. मादामच आधी तसं म्हणाल्या होत्या."

आणि तो हसला. इतरांच्या आधी.

माणूस तिने अचूक ओळखला होता. एरवी तिला केवढा आनंद झाला असता.

दुपारी ती नवी पिलं घेऊन बसली होती. दार उघडलं, तरी तिने वळून पाहिलं नाही. अत्तराचा वास आला.

"मादाम, मी तिथं..."

"हात धू."

"तुम्हाला राग आला असेल."

"राग माणसांवर येतो. हात धू आणि काप कर. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तेवढंच काय ते आहे तुझ्याकडे."

तो बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला. मग त्याने ॲप्रन चढवला आणि पातं उचललं.

एदमोंदने स्वतःची खुर्ची जराशी बाजूला ओढली, त्यालाही यंत्राचा पडदा दिसेल एवढी.