राजाच्या डोक्यावरचा थैला

एकोणीसशे त्र्याहत्तर साल, हिवाळ्याची सुरुवात. त्या दिवसांत मला शिवलं. जाड कापड, दुहेरी टाका, पोटात कोरडी वाळू. मी नाटकगृहातला वाळूचा थैला बोलतोय. मला लिहिता-वाचता येत नाही. पण नाटकं मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहेत, तीही वरून.

माझं काम सांगतो. रंगमंचावर पडदे ओढायच्या दोऱ्या असतात. दोरीला पडदा नसला की ती हलकी होते आणि कप्पीतून निसटते. म्हणून तिच्या एका टोकाला मला बांधतात. दुसरं टोक खाली, भिंतीलगतच्या खुंटीला. मी लोंबकळतो. हसू नका. लोंबकळणं सोपं नाही.

मला भीती वाटते. खाली माणसांची डोकी फिरतात. टक्कल, भांग, वेण्या. वर कोणी बघत नाही. मी सुटलो तर काय होईल, हे त्यांना ठाऊक नसतं. मला असतं.

ही भीती निवायची ती मामांमुळे. मामा म्हणजे दोऱ्या सांभाळणारे. सगळे त्यांना मामाच म्हणत, व्यवस्थापकसुद्धा. रोज आल्यावर ते प्रत्येक खुंटीवरचे दोरीचे वेढे चाचपायचे. मग मान वर करून म्हणायचे, "काय रे ढेरपोट्या, लागली का झोप?"

मामा आहेत तोवर लागायची.

नव्या नटाला ते एकच ताकीद द्यायचे. "खुंटीला हात लावायचा नाही. कपडे अडकवायची जागा नव्हे ती." नट मान डोलवायचे. नटांची मान फार डोलते.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे फार जुनं, पिढ्यान् पिढ्या नावाजलेलं नाटक बसवायला घेतलं. त्यातला राजा एकदा गुपचूप वेशीबाहेर जातो आणि परतताना दरवाजा लावायला विसरतो. शत्रू आत शिरतो. गाव कापलं जातं. राजा गप्प राहतो आणि द्वारपाल फासावर जातो.

राजाचं काम एका तरुण नटाला मिळालं. त्यालाही आपण राजाच म्हणू. तो या शहरात आला तेव्हा त्याला पाठ टेकायला जागा नव्हती. मामांनी त्याला आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, दोन वेळचं जेवू घातलं होतं. मामी त्याला धाकटा म्हणायच्या.

नाटक बसवणारे सर होते. ते सगळ्यांना रंगमंचावर गोल बसवून प्रश्न विचारायचे.

"राजा एकटा का पडतो?"

"लोक सोडून जातात म्हणून," राजा म्हणाला.

"कोण गेलंय? राणी आहे, प्रधान आहे, पंगतीला चार माणसं आहेत. नीट वाच."

विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारी ताई होती. ती म्हणाली, "माणसं आहेत, पण त्यांच्याशी खरं बोलता येत नाही. म्हणून एकटा."

"शाबास! हिलाच राजा करायला हवा होता."

"मिशी चिकटवून द्या, करते की."

सगळे हसले. राजा हसला नाही. त्याला ते लागलं.

मग ती दुपार आली. तालीम मध्येच थांबली होती. राजाचा झगा मखमली, जड. तो घामाने निथळत होता. विंगेत झगा टाकायला जागा नव्हती. माझ्या खुंटीवर दोरीचे वेढे होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वरचे वेढे सोडले आणि झगा अडकवला.

मी वरून पाहिलं. ओरडावंसं वाटलं, पण वाळूला आवाज नसतो. दोरी सूतसूत सरकू लागली. खाली ताई आपला चष्मा पुसत होती.

मी तिच्या खांद्यावर पडलो. हाड मोडताना मी आतून ऐकलं. तो आवाज अजून माझ्या वाळूत आहे.

पहिला धावला तो राजा. ताईकडे नव्हे, खुंटीकडे. झगा काढून त्याने अंगावर चढवला, आणि मग ओरडला, "अहो, या कोणीतरी!"

व्यवस्थापक आले. "मामा, हे काय?"

मामांनी खुंटी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. "वेढे कमी आहेत. माझ्याकडूनच कमी पडले असणार. दुसरं कोण हात लावतंय?"

त्यांना दोऱ्यांवरून काढून दारावर तिकिटं फाडायला बसवलं. त्यांच्या जागी शीळ वाजवणारा एक माणूस आला. त्याने मला पुन्हा वर चढवलं. वेढे कसे घातले ते त्याने दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. आता माझी भीती नुसती कल्पनेतली राहिली नव्हती. माणसाचं हाड कसं लागतं ते मला कळलं होतं.

तालमी चालू राहिल्या, आणि राजाचं काम सुधारत गेलं. आवाज खोल गेला. सर खूश. "आता कसं! अपराध आतून आला पाहिजे म्हणत होतो, तो हाच!" बाकीचे टाळ्या वाजवायचे. राजा खाली मान घालून उभा राहायचा. लोकांना वाटायचं, विनय आहे.

तो एकटाच जेवायला लागला. मामांच्या खोलीतून वळकटी घेऊन दुसरीकडे राहायला गेला. आणि तालमीत सुट्टी झाली की नेमका माझ्याखाली येऊन बसायचा. वर माझ्याकडे एकटक बघायचा. सरक, पड, असं सांगत असल्यासारखा. मी अंग चोरायचो. वाळूने किती चोरावं?

सर एकदा म्हणाले, "अपराध होऊन जातो. जबाबदारी आपण होऊन उचलावी लागते. राजाला दुसरं जमत नाही, म्हणून पहिलं त्याला खातं." मला पुस्तकातलं कळत नाही. वजनाचं कळतं. हे पटलं.

ताई परत आली. हात गळ्यात बांधलेला. ती आता समोरच्या विंगेत, माझ्यापासून लांब बसायची. दारातून येताना मामांकडे बघायची नाही.

एका दुपारी मामा आपले जुने हातमोजे न्यायला आत आले. राजा माझ्याखालीच बसला होता.

"काय धाकट्या, घरी येत नाहीस? मामी विचारते."

"तालमी आहेत, मामा."

"कर, कर. नाव काढशील म्हणतात सगळे." मामांनी आपले तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "माझंच संपलं बघ. या हातांवर भरवसा उरला नाही. कुलूप लावतो, परत जाऊन ओढून बघतो. शेगडी विझवतो, परत उठून बघतो. मामी म्हणते, वेड लागलं. ताईच्या घरी गेलो, तर तिच्या आईने पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मामा गेले. तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी द्वारपालाला नेण्याचा प्रवेश होता. त्यात राजाने गप्प बसायचं असतं. द्वारपाल झालेल्या नटाचे हात बांधले. शिपाई त्याला ओढू लागले.

"थांबवा," राजा म्हणाला.

"ते वाक्य नाही तुझं," सर वैतागले.

"खुंटीचे वेढे मी सोडले. झगा अडकवायला. मामांना बोलवा."

शीळवाल्याने जाऊन मामांना आणलं. राजाने त्यांच्यासमोर तेच पुन्हा सांगितलं. त्याचा आवाज अभिनयातल्यासारखा खोल नव्हता. बारीक होता, फाटका होता.

"मेल्या," ताई विंगेतून म्हणाली, "तुझ्यापायी मी या माणसाशी बोलणं टाकलं." आणि ती रडायला लागली.

व्यवस्थापक राजाला म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही."

"बरं."

मामा त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, आता मुस्काटात बसते. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मी घातलेले वेढे बरोबर होते?"

"बरोबर होते, मामा."

"नक्की?"

"मी माझ्या हाताने सोडले. घट्ट होते."

मामांनी शीळवाल्याला बाजूला केलं, माझी दोरी हातात घेतली आणि खुंटीवर वेढे घातले. ते दुसऱ्यांदा तपासले नाहीत.

राजाचं देणं फिटलं.