अर्ध्या मिशीची पैज

रामलिंग लातूरला घरी येणार, एवढं कळल्याबरोबर गल्लीत पैज लागली. भूकंपाच्या आधी फोन बोंबलतो असं ॲप काढून हा गडी लई मोठा झालेला. चौकात तीन कोचिंगवाल्यांनी त्याचे फोटो टांगलेले, अन् तिन्ही फोटोंखाली ‘आमचाच विद्यार्थी’.

"दुपारी नव्या घरात, स्लॅबखालीच आडवा होतो बघ," शेजारचे हणमंतराव म्हणाले. "स्वतःच्या ॲपचा भरवसा नसंल व्हय त्याला?"

"न्हाई अण्णा," गाद्या भरणारा पाशामियाँ म्हणाला. "ज्याला भ्या वाटतं तोच असलं यंत्र काढतो. अंगणात पत्र्याखाली झोपणार तो."

हरणाऱ्याची अर्धी मिशी जायची. तीबी रामलिंगच्या सत्कारात, सगळ्यांदेखत.

घरी पाशामियाँच्या बायकोनं, दिलशादनं, कपाळ बडवलं. "शुक्रवारी आपल्या बुशराला बघायला मुदखेडचे पाहुणे येऊन राहिले, अन् तुम्ही मिशी पैजेला लावली?"

रामलिंग आला त्या दुपारी पाशामियाँनं त्याच्या खिडकीतून डोकावलं. रामलिंग स्लॅबखाली मस्त घोरत होता! पण उशाशी हे काय? पितळी भांड्यांची उतरंड. किल्लारीच्या भूकंपानंतर घरोघरी रचायचे तशी: जमीन हालली की भांडी पडणार, आवाजानं माणूस पळणार. फोन बिचारा कोपऱ्यात चार्जिंगला.

पाशामियाँनं कापूस पिंजायची काठी गजातून आत सारली अन् वरच्या तांब्याला हळूच डिवचलं.

धडाधड भांडी कोसळली. रामलिंग बनियनवर थेट अंगणात! फोन आतच. जरा दम खाल्ला अन् तिथंच पत्र्याखाली बाजेवर पसरला.

"हरलात अण्णा!" पाशामियाँ रस्त्यातच नाचायला लागला.

तेवढ्यात रामलिंगची आई, साखराबाई, चेपलेला तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्याला कापसाचा पुंजका. "भूकंपाला कापूस कधीपासून चिकटून राहिला रं, पाशा?"

संध्याकाळी सत्कारात रामलिंग माइकवर गरजत होता, "भांडी रचायचे दिवस गेले! यंत्रावर विश्वास ठेवा!" साखराबाईनं पदर तोंडात कोंबला. बाकी ऐकतंय कोण? सगळ्यांनी खुर्च्या भीमा न्हाव्याकडं फिरवलेल्या. वस्तरा चालला अन् लबाडी करून पैज हरलेल्या पाशामियाँची डावी मिशी मांडीवर पडली.

"भीमा, दुसरीबी काढ बाबा," तो कुजबुजला. "पाहुण्यांपुढं निदान सारखा तरी दिसू दे."

"खबरदार!" हणमंतराव खुर्चीवर चढले. "पैज अर्ध्या मिशीचीच हाय!"

पाशामियाँ उठला. उरलेल्या मिशीला पीळ भरला, दिलशादची नजर चुकवली अन् रामलिंगच्या भाषणाला सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या.