चमच्यावरची खूण

“हे फुकटचं पाजू नको आमच्या पोराले,” जीवराम नाना ओट्यावर आडवा हात धरून म्हणाले. “ज्याले किंमत नाही, त्याच्यात ताकद कुठून येईन?”

असोद्याच्या आशा सेविका कुंदाबाई पायरीवरच थांबल्या. एका हातात ‘अ’ जीवनसत्त्वाची बाटली, दुसऱ्यात मापाच्या खुणेचा प्लास्टिकचा चमचा. आत नानांची सून साक्षी दोन वर्षांच्या राजदीपला कडेवर घेऊन उभी होती. पावसाळ्यापासून पोराला हे चौथ्यांदा जुलाब. मान अगदी काडीसारखी झाली होती.

नाना डाळमिलमधून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत डॉक्टर झाले. तेही धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात, पावडर विकणाऱ्या कंपनीच्या शिबिरात, दुपारच्या जेवणाआधी. येताना छातीवर ‘इम्युनिटी कोच’ असा बिल्ला आणि मागोमाग पावडरचे पंचवीस डबे. तेव्हापासून गावात कुणी शिंकलं, की नानांचे डोळे चमकत. मागच्या जुलाबात कुंदाबाईंनी चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, तशा उरलेल्या अकरा नानांनी कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्या मात्र ठणठणीत होत्या.

कुंदाबाईंनी आजही समजावून पाहिलं. आतड्याचं, घशाचं, डोळ्यांचं अस्तर धड ठेवायला हे औषध लागतं. अस्तर विरलं की रोगाला दार उघडंच. नाना ऐकता ऐकता जांभई देत होते. मग त्यांनी एक डबाच पुढे केला.

“वाच. बारावी शिकेल आहे ना तू?”

कुंदाबाईंनी चष्मा लावला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. केळीची पूड. शेवग्याच्या पानांची पूड. साखर. सुगंध.

नानांच्या मळ्यातून केळीचे ट्रक भरून जात. राजदीपला मात्र कफ होतो म्हणून केळ्याची फोड मिळत नसे. आणि दारातला शेवगा, पाला नव्या फरशीवर पडतो म्हणून, गेल्या दिवाळीला तोडला होता.

“नाना,” डबा परत देत त्या म्हणाल्या, “तुमचा शेवगा सापडला. याच्यात जाऊन बसला आहे.”

नानांना काही कळलं नाही. उलट, नाहीतरी घरोघर हिंडतेच, तर पिशवीत आपले दोन डबे विकायला ठेव, असा सल्ला त्यांनी दिला.

दुपारी कुंदाबाई अंगणवाडीत बसल्या होत्या. साक्षी मागच्या दाराने आली. काखेत पोर, हातात दळणाचा डबा.

“लवकर पाजा, अक्का. दळणाचं सांगून आली मी.”

कुंदाबाईंनी चमचा बरोबर खुणेपर्यंत भरला. राजदीपने तोंड वाकडं केलं, मग ओठ चाटले. साक्षीने ते पदराने पुसले, वास घेऊन पाहिला आणि परत पुसले. कुंदाबाईंनी दिलेली झिंकची पुडी तिने दळणात खोल खुपसली. या वेळी चौदाच्या चौदा, एवढंच कुंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी राजदीपच्या लसीकरणाच्या कार्डावर तारीख घातली आणि कार्ड पुढे केलं. साक्षीने हात मागे घेतला.

“ते तुमच्याजवळच राहू द्या.”

ती गेल्यावर कुंदाबाईंनी पिशवीच्या तळातून रबर लावलेला गठ्ठा काढला. अशीच घरी न नेलेली, नऊ घरांची नऊ कार्डं. त्यांनी रबर ताणलं, दहावं आत सरकवलं आणि सगळ्यांच्या कडा नीट जुळवल्या.