ओवाळणीचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. वापरून वापरून जुना झालो म्हणाल, तर तसं नाही. खोक्यात पडून पडून झालो. न्हाताना म्हाताऱ्या माणसाला धरता यावं म्हणून बाथरूमच्या भिंतीत स्टीलचा दांडा बसवतात ना, तो मी. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला वाकवलं, घासलं, चकचकीत केलं आणि एका धिप्पाड कामगाराने माझ्यावर लोंबकळून पाहिलं. मी तसूभरही हललो नाही. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! मूर्खच होतो.

तिथून मी सोमनाथच्या हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि दुकानातून गंगापूर रोडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये. तो दिवस भाऊबीजेचा होता. सोमनाथची धाकटी बहीण छाया कळवणला दिलेली. तिची सासू न्हाणीत पडून अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं छायानेच शेवटपर्यंत केलं होतं. ओवाळून झाल्यावर भावाने साडी पुढे केली, तर तिने हात मागे घेतला.

"दादा, साडी नको मला. आईच्या बाथरूमात धरायला दांडा बसव. तीच माझी ओवाळणी."

सगळे पोट धरधरून हसले. सोमनाथ हौशी माणूस. तसाच उठला, दुकान उघडून मला घेऊन आला आणि त्याने मला साडीवर ठेवून तबकात घातलं. बाथरूमच्या दांड्याला हळदकुंकू लागलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का? माझा फोटोही निघाला. मग छाया कळवणला गेली आणि माझी रवानगी बाथरूमवरच्या माळ्यावर झाली.

कारणं तयारच होती. सोमनाथची बायको हर्षाली म्हणाली, "नव्या टाईल्सना भोकं पाडायची? एक तडकली तर तशी परत मिळायची नाही. आणि हे घर आहे की दवाखाना? छायाताईंना वाटतं, आम्ही आईंकडे बघतच नाही." सोमनाथची आई, साळूबाई, तीसुद्धा सुनेच्या बाजूने बोलली, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. "मला काय धाड भरलीय? कांद्याच्या पाट्या उचलल्यात मी. दांडा धरला की माणूस म्हातारं व्हतं."

सोमनाथ म्हणाला, "बसवू की. दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, मग लग्नसराई आली, मग भिका प्लंबर गावाला गेला. गिऱ्हाइकांना मात्र तो फोनवर छातीठोकपणे सांगायचा, "घरात म्हातारं माणूस आहे ना? मग दांडा बसवाच. उद्यावर टाकू नका." माझी भावंडं त्याने नाशिकभर लावली. त्याची स्वतःची आई रोज टॉवेलच्या प्लॅस्टिकच्या हँगरला धरून उठत होती.

पुन्हा दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे हर्षालीने सासूला तेल चोळलं, उटणं लावलं. त्यात खोट काढू नका, सण ती मनापासून करते. अंगावरचं तेल पाण्याबरोबर फरशीवर ओघळलं. आंघोळ उरकून साळूबाई पाटावरून उठायला गेली. तिने हँगर धरला आणि तो भिंतीतून निघून तिच्या हातात आला. मी बरोबर तिच्या डोक्यावर होतो, माळ्यावर, खोक्यात. बाहेर फटाके वाजत होते, तरी ते हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

खुबा मोडला होता. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, साळूबाई तिथेच राहिली. छायाला कुणी कळवलं नाही. सणासुदीला रडारड नको, भाऊबीजेला ती येणारच आहे, असं नवराबायकोने ठरवलं. आणि मग सोमनाथला एकदम बहिणीची ओवाळणी आठवली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याने भिकाला बोलावलं. वर्षभर जे जमलं नव्हतं, ते भिकाचा चहा निवायच्या आत झालं. एकही टाईल तडकली नाही.

दुसऱ्या दिवशी छाया आली. सोमनाथने तिला दारातूनच बाथरूमकडे नेलं. "आधी तुझी ओवाळणी बघ."

छायाने मला दोन्ही हातांनी धरलं आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. कारखान्यातल्या त्या कामगारानंतर मला कुणी असं धरलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिने पदराने मला पुसलं.

"लय मजबूत हाय रे दादा. आता आई पडायची नाय." मग तिने मागे वळून पाहिलं. "आई कुठंय?"

हर्षाली गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेली. गॅस चालू नव्हता. त्या वर्षी छायाने भावाला ओवाळलं नाही.

आता साळूबाईची खाट हॉलमध्ये आहे. तिचं अंग खाटेवरच पुसतात. माझ्यापर्यंत ती कधी आली नाही, आणि आता येणारही नाही. पाहुणे हात धुवायला येतात, मला पाहतात आणि बाहेर जाऊन म्हणतात, "आईंची किती काळजी घेता हो!" हर्षाली लाजते. सोमनाथ त्यांना दुकानाचं कार्ड देतो. मलाही काम मिळालं आहे. माझ्यावर ओले टॉवेल वाळतात. साळूबाईचं अंग पुसायचा पंचाही माझ्यावरच असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी आजी असेल, आजोबा असतील. "मला काही नको," असं ते म्हणतील. त्यांचं ऐकू नका. माळ्यावर माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला खाली काढायला लावा. आणि आज घरी गेल्यावर एवढं करा: आजी बाथरूममध्ये ज्याला धरून उठते, ते जोर लावून एकदा ओढून बघा. निघणारच असेल, तर तुमच्या हातात निघू दे.