पहिला घास

मुलांनो, जरा डोळे मिटा. मे महिन्याची दुपार आहे. घरावरचा पत्रा असा तापलाय की कावळासुद्धा त्यावर टेकत नाही. अशा वेळी कुणी तुमच्यापुढे वाफाळते पोहे ठेवले, तर? नको वाटेल ना? मग ती बशी मनातल्या मनात बाजूला सारा आणि तिथे एक गार ताटली आणा. तिच्यात काकडी आहे, कैरी आहे, भाजलेले शेंगदाणे आहेत, आणि बोटात घालता येतील अशा मऊ, पांढऱ्या नळ्या आहेत. दिसली ताटली? आता डोळे उघडा आणि माझ्याबरोबर खर्डीला चला, भिमीच्या घरी. साल आहे दोन हजार चार.

भिमी तेव्हा दहा वर्षांची होती. तिची आत्या संघरत्ना वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची. तिथल्या मैत्रिणीच्या डब्यात तिने पास्त्याचं गार सॅलड खाल्लं. ते तिला इतकं आवडलं, की रविवारी ती पाकीटच घेऊन घरी आली.

"ह्या नळ्या तळायच्या ना गो आत्या?" भिमीने विचारलं. तिला आपल्या दुकानातल्या, बोटांत अडकवून कुरुमकुरुम खायच्या नळ्याच ठाऊक.

"तळून खाशील तर दात पडतील तुजे. ह्या उकडायच्या."

चुलीवर पाणी उकळलं, त्यात मीठ पडलं, मग नळ्या. भिमीची आई शेजारी उभी होती. तिने एक नळी चेपून पाहिली. "कच्च्या हायेत अजून. भातासारख्या शिजू दे चांगल्या."

"वयनी, भात नाय तो! दाताला जराशा लागल्या पायजेत."

आत्या पाणी ओतायला निघाली, तशी आईने चाळणीखाली पातेलं धरलं. ज्या घरात भाताची पेज कधी मोरीत गेली नाही, त्या घरात नळ्यांची पेज कशी जाईल? ती शेळीने प्यायली, आणि तिने काही तक्रार केली नाही.

मग आत्याने नळ्यांवर माठातलं पाणी ओतलं. एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना तेलाचं बोट लावलं. काकडी आणि कांदा बारीक चिरून घातला, शेंगदाणे घातले, मिरपूड टाकली. लिंबू मात्र घरात नव्हतं. भिमी पळत परसात गेली, झाडाखाली पडलेली कैरी उचलून आणली आणि तिच्या फोडी करून टाकल्या. सगळं झाकून पाण्याच्या परातीत ठेवलं. गार झाल्यावर आत्याने पहिला चमचा भरला आणि भिमीच्या तोंडाशी धरला.

"जिनं केलं, तिचा पयला घास. कैरी तुजी, म्हून घास तुजा."

तेव्हापासून दर रविवारी तेच. दोघी मिळून करायच्या आणि पहिला घास भिमीचा ठरलेला.

महिना सरत आला आणि मुरबाडहून निरोप आला. आत्याला बघायला पाहुणे येणार होते.

"पोहे काय, सगळीच देतात," आत्या म्हणाली. "भर उन्हात येनार ती मानसं. आपन आपलं सॅलड देऊ."

"आनि कोनी केलं, इचारलं तर?"

"सांगीन, आमी दोघींनी केलं. माज्या भाचीनं आनि मी." असं म्हणून आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भिमी त्या वाक्याची आठवडाभर वाट पाहत होती. मैत्रिणीला, ठकीला, तिने ते तीनदा ऐकवलं. "पाव्हन्यांसमोर माजं नाव घेनार हाय आत्या." शेवटी ठकी म्हणाली, "झालं गो बाई, आता काय पेपरात देतेस?"

पाहुणे आले. मुलगा संदेश, त्याचे वडील आणि त्याची काकी. जयभीम झाला, पाणी झालं. आत्या ताटल्या घेऊन बाहेर गेली. भिमी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, फ्रॉक नीट ओढून, केस कानामागे सारून.

संदेशने एक घास घेतला, मग लगेच दुसरा. "वा! उन्हात बरं वाटलं. कोनी केलं?"

"मी," आत्या खाली बघून म्हणाली.

भिमी थांबली. पुढचं येईल. आत्या लाजलीय, एक श्वास घेईल आणि पुढचं सांगेल. पण आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वाक्य तिथेच संपलं होतं.

तेवढ्यात काकीने ताटलीला हात लावला आणि मागे घेतला. "गारगोट हाय हे! कधीचं हाय? मुरबाडहून उन्हातान्हातनं आलो आमी, नि शिळं वाढता? आमच्यात पाव्हन्याला शिळं देत नायत हो."

काकीचंही नवल नाही. जिने जन्मभर चुलीवरून उतरलेलं ऊन ऊन खाल्लं, तिला गार म्हणजे कालचंच. पण भिमीचे आजोबा बुधाजी खाली मान घालून बसले. आईचा चेहरा उतरला. आत्या मात्र घाईघाईने बोलून गेली.

"ते... भिमीनं केलंय. पोरीचा खेळ हो. मी नकोच म्हनत व्हते तिला. पोहे आनते आता वयनी."

ताटली तीच होती. मघाशी ती एकट्या आत्याची होती. आता ती एकट्या भिमीची झाली.

"तरी म्हटलं," काकी हसली. "पोरांच्या हाती चूल दिली, की असंच व्हतं." संदेशने आधी आत्याकडे पाहिलं, मग दारातल्या मुलीकडे.

भिमी आत गेली. आईने फोडणी टाकली होती, मोहरी तडतडत होती. "ऱ्हाऊ दे गो," आई हळूच म्हणाली. "लग्नाचा मामला हाय. भीतीनं बोलली ती."

भिमीला 'शिळं' म्हटल्याचं दुःख नव्हतं. तिला ठाऊक होतं, सकाळी कोंबडी खुराड्यातून सुटली तेव्हा नळ्या उकळत होत्या. 'खेळ' म्हटल्याचंही तिने सोसलं असतं. पण 'मी नकोच म्हनत व्हते' हे कुठून आलं? नको कधी म्हणाली होती आत्या? परातीत पाणी कोणी भरलं? काकडीचं कडू टोक कसं घासून काढायचं, ते कोणी दाखवलं?

तिने परातीतलं पातेलं उचललं. त्यातलं थोडं अजून शिल्लक होतं.

"भिमे, कुठं चाललीस?" आई म्हणाली.

भिमी बाहेर गेली. काकीच्या समोरून गेली, संदेशच्या समोरून गेली आणि आत्यापुढे मांडी घालून बसली. तिने चमचा भरला. एक नळी, एक शेंगदाणा, कैरीची एक फोड.

"जिनं केलं, तिचा पयला घास," ती म्हणाली. "खा गो आत्या. शिळं हाय का ते सांग."

आत्याने चमच्याकडे पाहिलं, मग काकीकडे. कैरीचं पाणी भिमीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तिने चमचा खाली घेतला नाही.