मागच्या रांगेतला

दुरुस्तीवाल्याने स्क्रीनवरची ती पट्टी पुन्हा एकदा शेवटपर्यंत ओढली आणि माउसवरून हात काढून घेतला.

"बघा काकू, यापुढे जात नाही. या स्क्रीनमध्ये कंपनीने जेवढे ठिपके बसवलेत तेवढेच. सेटिंग बदलून ते वाढत नसतात."

रफूवाल्या काकूंनी मान डोलावली. त्यांना यात नवीन काही नव्हतं. घरी त्यांचे हेही कधीपासून तेच सांगत होते, की लॅपटॉप जुना आहे, त्याच्यावर याहून जास्त दिसायचं नाही.

"म्हणून तर आणलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची मोठी स्क्रीन जोडून बघता येईल का, भाऊ? एकच फोटो बघायचाय."

ह्यांना न सांगता त्या आल्या होत्या. सांगितलं असतं तर 'कशाला त्या डबड्याच्या मागे लागतेस' म्हणून ह्यांनी नेहमीसारखा विषय मिटवला असता. आज हे दाढ काढायला दाताच्या डॉक्टरकडे गेले, तेवढी संधी साधून काकूंनी लॅपटॉप रफूच्या पिशवीत, एका गिऱ्हाइकाच्या कोटाखाली घातला आणि थेट दुकान गाठलं. चेहरा स्वच्छ दिसला की मगच ह्यांना बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुरुस्तीवाल्याने टेबलावरचे स्क्रू बाटलीच्या झाकणात गोळा केले, वायर जोडली. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडला. कुठल्याशा गोदामाचं उद्घाटन. पुढे हार घातलेले लोक, मागे कामगारांची रांग, आणि रांगेच्या टोकाला, लोखंडी शटरजवळ, मान वळवून उभा असलेला एक जण.

"तो शटरजवळचा आमचा मुलगा आहे," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "असावा."

मुलगा वडिलांशी एका शब्दावरून भांडून घराबाहेर पडला तो पुन्हा फिरकला नाही. फोन बंद. त्यानंतर काकूंनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. घर खायला उठायचं. अशात ध्यानीमनी नसताना भाच्याचा ह्यांना मेल आला. मामा, आमच्या कंपनीतला फोटो पाठवतोय, मागचा माणूस आपल्या दादासारखा वाटतो. ठेकेदाराने एका दिवसापुरती आणलेली माणसं होती ती, कुठली ते कुणालाच माहीत नाही. काकूंनी फोटो पाहिला. खांदा तसाच पडलेला, कान तसाच बाहेर आलेला. चेहरा तेवढा धूसर. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी त्या ह्यांच्याशी आपणहून बोलल्या.

"अहो, कान बघा."

तेव्हापासून रोज जेवणं झाली की दोघं लॅपटॉपसमोर खुर्च्या ओढून बसत. फोटोवरून बोलता बोलता इतरही बोलणं निघे. भाजीचं, शेजाऱ्यांचं, गुडघ्यांचं. काकूंचा जीव त्या फोटोत होता, आणि घरातली बोलाचालीही.

दुरुस्तीवाल्याने तो चेहरा मोठा केला. भिंतीवर करड्या-तपकिरी चौकोनांचा ढीग दिसायला लागला. नाक कुठलं, डोळा कुठला, काही कळेना.

"हे तर घरच्यासारखंच झालं."

"तसंच होणार. मोठ्या स्क्रीनवर एका वेळी जास्त दिसतं, एवढंच. पण तुम्ही घरी झूम करून बघत होता ना? तेव्हाच फोटोत होतं नव्हतं ते सगळं बघून झालं होतं. स्क्रीनचा यात काही दोष नाही."

"मग कशाचा?"

"फोटोच मुळात बारका आहे." त्याने फोटोची माहिती उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण कॅमेऱ्यातून निघालेला फोटो इतका बारका नसतो. नंतर लहान केलाय कुणीतरी."

"मेलमधून येताना झाला असेल."

"नाही. कशात लहान केला त्याचं नाव आलंय इथे. पत्रिका, पोस्टरं करणारे वापरतात ते सॉफ्टवेअर." त्याने लॅपटॉपमध्ये शोधलं. "हे काय, यातच आहे."

ह्यांची सगळी नोकरी छापखान्यात गेली होती. लॅपटॉपही तिथलाच, छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने देऊन टाकलेला. फोटो केवढा ठेवला म्हणजे काय दिसतं आणि काय पुसलं जातं, हे ह्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"कधी केलाय?" काकूंनी विचारलं.

त्याने तारीख सांगितली. मेल आला तोच दिवस.

त्या दिवशी न्हाणीघरात बराच वेळ नळ वाहत होता. मग हे तोंड पुसत बाहेर आले आणि म्हणाले, 'भाच्याने फोटो पाठवलाय, बघतेस?' डोळे लाल होते. आशेने रडू आलं असेल, असं काकूंना तेव्हा वाटलं होतं. पण तो मुलगाच असता तर हे आहे त्या कपड्यांनिशी गाडीत बसले असते. फोटो लहान करत बसले नसते.

काकूंचं आयुष्य रफू करण्यात गेलं होतं. दुसऱ्याचा रफू कितीही बेमालूम असला तरी त्यांच्या बोटांना कळायचा. खांदा ठेवला होता, कान ठेवला होता, फक्त चेहरा काढून घेतला होता. कितीदा लहान-मोठा करून पाहिला असेल ह्यांनी.

"मूळ फोटो डिलीट केला असला तरी कधीकधी परत मिळतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "थोडं थांबता का? मिळाला तर चेहरा अगदी स्वच्छ दिसेल."

"नको."

इतक्या घाईने म्हणाल्या की त्याने वळून पाहिलं. काकूंनी लॅपटॉपचं झाकण लावलं होतं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले होते.

"नको, भाऊ. आहे तसाच राहू दे."

घरी पोचल्या तेव्हा हे दाराशीच उभे होते. गालात कापसाचा बोळा, जबडा अजून बधिर.

"लॅपटॉप कुठे नेला होतास?"

"दाखवायला. मोठ्या स्क्रीनवर दिसतं का ते बघायला."

ह्यांच्या हातातला पेला ओठांपर्यंत जाऊन तसाच खाली आला.

"मग? काय म्हणाला?"

काकूंनी पिशवीतून कोट काढला, झटकला, खुर्चीच्या पाठीवर नीट घातला.

"जुना आहे म्हणाला. याच्यावर याहून जास्त दिसायचं नाही."

"मी सांगत होतोच," हे म्हणाले. बधिर तोंडातून शब्द धड उमटले नाहीत.

जेवणं झाल्यावर काकूंनीच दोन खुर्च्या ओढल्या आणि फोटो उघडला. शटरजवळ कुणीतरी परका मान वळवून उभा होता. आपला मुलगा कुठे होता, होता की नव्हता, हे आता कुठल्याच स्क्रीनवर दिसणार नव्हतं. हे शेजारी बसले होते, पण आज काही बोलेनात. घर पुन्हा खायला उठेल असं काकूंना वाटलं. त्यांनी बोट स्क्रीनला टेकवलं.

"अहो, कान बघा."

हे चष्मा लावून पुढे वाकले.

"हो," हे म्हणाले. "त्याचाच."