वर्षअखेरीची फेरी

“‘उत्तम आरोग्य’ खोड.”

“अगं मावशी! शुभेच्छांमधून आरोग्यच काढायचं?”

“बारा नंबरच्या खाटेवरच्या काकांना कालच डॉक्टरांनी सगळं सांगितलंय. त्यांच्या कानांनी ऐक एकदा.”

मी तोंड वेडंवाकडं करत खोडलं. ‘घरच्यांच्या सहवासात’ आधीच गेलं होतं, कारण सात नंबरला कोणी भेटायलाच येत नव्हतं. ‘भरभराटीचे’सुद्धा गेलं. रात्रभर घोकलेल्या माझ्या भाषणाचं नुसतं हाडूक उरलं होतं.

मावशी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं त्या एवढ्याशा खोलीत, दिव्यांच्या बोर्डासमोर. वर्षाच्या शेवटच्या दिवशी चार वाजता सगळ्या मजल्यांवरच्या स्पीकरमधून शुभेच्छा द्यायच्या, हे कामही तिचंच. त्या दिवशी ते ती शेवटचं करणार होती, कारण दुसऱ्या दिवसापासून ती निवृत्त. पुढच्या वर्षीपासून रेकॉर्ड केलेल्या शुभेच्छा लागणार होत्या. आणि आवाज कोणाचा? माझा! वक्तृत्वाचा कप मिळाल्याचं मावशीनंच सगळीकडे सांगितलेलं, ते मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं होतं. खोटं कशाला सांगू, आठवीतली मी, आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी होतं, आणि त्यासाठी मी लिहिलेलं भाषण मावशी आधी तपासत होती.

मावशीची पद्धत मात्र भारी कटकटीची. दुपारी बारापासून डायरी घेऊन मजलेच्या मजले फिरायचं. आज कोण आलंय, कोण घरी चाललंय, कोण कधीपासून पडून आहे. मीही मागे मागे फिरले. धोबीखान्यातल्या बाई मला म्हणाल्या, “टेलिफोनबाईंची भाची का? मग आमचं नाव घे हं. मागे एकदा एका पाहुण्यानं भाषण ठोकलं, त्यात डॉक्टर झाले, नर्सा झाल्या, बागेतली फुलं झाली. चादरी काय आपोआप धुतल्या जातात?”

तर आता साडेतीन वाजले होते आणि कागदावर एकच ओळ शिल्लक होती.

“‘मजेत राहा,’” मावशीनं वाचलं. “इथे? मजेत?”

“थांब, थांब, हे खोडायचं नाही! मी शब्दकोशात पाहिलंय. मजा हा शब्द फारसीतून आलाय, आणि तिकडे त्याचा अर्थ माहितीये काय? चव! नाचगाणं नाही, धिंगाणा नाही. साधी जिभेवरची चव.”

मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या स्वयंपाकी मामांना तिनं विचारलं, “एकोणीस नंबरच्या आजींनी काही घेतलं का हो आज?”

“घेतला ना चहा! आठ दिवसांनी. वर मलाच सुनावलं, साखर कमी आहे म्हणून.”

“ठेव ते,” मावशी मला म्हणाली. “मजा राहू दे.”

चार वाजता तिनं बटण दाबलं. “नमस्कार. टेलिफोनवाली बोलतेय. आज आलेल्यांना, आज घरी निघालेल्यांना आणि अजून थांबावं लागणाऱ्यांना. चादरी धुणाऱ्यांना. खाटेशेजारी स्टुलावर बसून पाठ धरलेल्यांना. भेटायला कोणी आलं नसेल त्यांना माझ्याकडून. उद्या नवीन वर्ष. ज्याला जेवढी लागेल तेवढी चव लागो. मजेत राहा.”

बस, एवढंच. आणि मग बोर्डावर एक दिवा लागला. दुसरा. चौथा. मजल्यामजल्यावरून फोन! मावशी एकेक उचलत होती. “तुम्हालाही हो... मी? मजेत, मजेत.” एका फोनवर ती नुसतीच ऐकत राहिली. मग म्हणाली, “काका, साखर मी सांगते टाकायला.” ते बारा नंबरचे होते.

पाच वाजता साहेब आले आणि माझं रेकॉर्डिंग झालं. कुठल्याही वर्षी चालेल असा मजकूर त्यांनी टाइप करूनच आणला होता. मी तो खणखणीत वाचला. साहेब खूश. मावशीनं माइक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, त्यावर कापडी टोपी चढवली आणि पर्स उचलली.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी मी शाळेतून थेट इस्पितळात गेले, स्वतःचा आवाज ऐकायला! तळमजल्यावरच्या बाकावर मावशी बसलेली. मला वाटलं, माझ्यासाठीच आलीये.

चार वाजले. “सर्वांना नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा...” काय सुंदर लागला होता माझा आवाज! एकही शब्द अडखळला नव्हता. पण समोरच्या नर्सताईंनी कागदावरून मान वर केली नाही. चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं पेपरचं पान उलटलं. पलीकडच्या टेलिफोनच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मी बोर्डाकडे बघत राहिले. एक दिवा... एक तरी...

“छान आलाय गं आवाज,” मावशी म्हणाली. अगदी मनापासून.

मी खाली बघितलं, तर तिच्या मांडीवर डायरी उघडी होती. वर आजची तारीख, खाली खाटांचे नंबर, तिच्या तिरक्या अक्षरात. दोन मजले भरलेले. तिसऱ्याचं पान कोरं.

“गुडघे बोलायला लागले,” ती जरा ओशाळून म्हणाली. “म्हटलं, बसावं घटकाभर, मग जाऊ.”

मी दप्तर तिच्या शेजारी टेकवलं आणि डायरी हातात घेतली.

“पेन दे,” म्हटलं. “तिसरा माझा.”